सहा टोकं आणि एक कडी: शहापूरच्या सोनाराकडे घडवलेलं पदक

पेढीचं नाव लिहीत नाही. पुढं दोन चुका लिहिणार आहे, आणि बेळगावातल्या शहापूरच्या सराफ गल्लीत एका दुकानाचं नाव घेतलं की चार घरांना लागतं. माझं काम कसं झालं, किती पैसे गेले, आणि तुम्ही जरा वेगळी वस्तू घडवायला नेणार असाल तर काय संभाळावं, एवढ्यासाठी हे लिहितेय. मधे मधे इतिहास येईल, त्याला इलाज नाही. वस्तूच तशी आहे.

वस्तू म्हणजे सोन्याचं पदक. सहा टोकांचं, दोन त्रिकोण एकमेकांत गुंफलेले. हिब्रूत त्याला मागेन दावीद म्हणतात, दावीदाची ढाल. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. आजोबा मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत होते, रेवदंड्याकडून बदलीवर लोंढ्याला आले ते इकडचेच झाले. वडील बेळगावात, मी बेळगावात, टिळकवाडीच्या पहिल्या गेटापासून चालत दहा मिनिटांवर. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आडनाव ‘कर’वर संपतं, त्यामुळं समोरचा विचारतो ‘कोकणातले काय?’ आणि ‘होय’ म्हटलं की विषय संपतो. आमची मशीद (आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणतो) बेळगावात नाही. सणाला पुणं गाठायचं, लाल देऊळ नाहीतर रास्ता पेठ. बाकी वर्षभर दारावरचा मेझुझा (चौकटीला लावलेली शास्त्रवचनाची डबी) आणि शुक्रवारचा दिवा.

पूर्वी माझ्याकडं चांदीची एक बारकी चांदणी होती, मुंबईहून आणलेली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, नरीमन हाऊसमध्ये तरुण रब्बी, त्याची बायको आणि आणखी चार यहुदी मारले गेले. त्या आठवड्यात आमचे हे म्हणाले, ते गळ्यातलं काढून ठेव. बेळगावात कोण मारायला येणार होतं? खरं, काढलं. (आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.) डब्यात ठेवलेली चांदणी काळी पडली, कडी तुटली, आणि मग ती दिसेनाशीच झाली. ऑक्टोबर २०२३ नंतर मामेबहिणीशी फोनवर बोलताना ती म्हणाली, तिचा नातू युरोपात शिकायला आहे, तो चांदणी शर्टाच्या आत घालतो. मला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही. बहुतेक माझाच. युरोपातल्या पोराला लपवायला कारण आहे. मी सतरा वर्षं कुणापासून लपवत होते? इथं तर ओळखणारंच कुणी नाही.

तर आईच्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या घेऊन गेले. हो, आमच्या बायका मंगळसूत्र घालतात, काळे मणीसुद्धा.

सोनार ओळखीचे. त्यांची मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली. ‘टीचर, बसा की,’ म्हणून स्टूल पुढं केलं, चहा आला. वाट्यांचं वजन माझ्यासमोर केलं: तीन ग्रॅम चारशे मिली. जुनं सोनं, डाग दिलेलं, म्हणून टंच काढून आणायला माणूस पाठवला आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. ८६ टक्के. ‘वितळवल्यावर तूट येईल, मी बावीस कॅरेटमध्ये बसवून देतो, कमी पडेल तेवढं माझं घालतो, त्याचे पैसे वेगळे.’ हे सगळं आधी सांगितलं. मोठ्या शोरूममध्ये एवढं कुणी सांगत नाही, तिथं ‘मॅडम, एक्स्चेंज’ म्हणतात आणि कॅल्क्युलेटर स्वतःकडं फिरवतात. या बाबतीत पेढीला पुरे गुण.

मग डिझाइन. मी कागदावर काढून दाखवलं. वर्तुळ काढायचं, कंपासचं अंतर तेच ठेवून परिघावर सहा खुणा करायच्या, एक सोडून एक खूण जोडली की पहिला त्रिकोण, उरलेल्या तीन जोडल्या की दुसरा. सहावीच्या मुलांना कितीदा शिकवलं असेल. सोनारांनी बघितलं आणि खूश झाले. ‘हे तर षट्कोण, टीचर! अनाहत चक्रात असतंय ते.’ उठले, आतून यंत्रांच्या नमुन्यांची जुनी वही आणली, तेल लागून पिवळी पडलेली. तिच्यात खरंच होतं, मधे बिंदू दिलेला. ‘बिंदू घालू? का ओम?’

काही घालू नका म्हटलं. मग काय आहे ते सांगावं लागलं.

खरं सांगायचं तर ही चांदणी सुरुवातीपासून फक्त आमची नव्हतीच. आमचं जुनं चिन्ह म्हणजे मनोरा, सात फाट्यांचा दीप. जेरुसलेमचं मंदिर पाडून रोमी शिपायांनी तो मिरवत नेला, रोममध्ये तीतसच्या कमानीवर अजून कोरलेला दिसतो. सहा टोकांची आकृती मुसलमानी नक्षीत आहे, ख्रिस्ती देवळांत आहे, तुमच्या यंत्रात आहे. प्राग शहराच्या यहुद्यांनी ती मध्ययुगात आपल्या निशाणावर घेतली, आणि पुढं हळूहळू युरोपभर पसरली. तिला राजकारणात आणलं ते झायोनिझमनं, म्हणजे यहुद्यांना त्यांच्या जुन्या भूमीत स्वतःचं राज्य हवं म्हणणाऱ्या चळवळीनं. १८९७ साली थिओडोर हर्झलनं ‘डी वेल्ट’ नावाचं साप्ताहिक काढलं, त्याच्या शीर्षावर ही चांदणी होती, आणि त्याच ऑगस्टात स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरली.

हर्झल हा व्हिएन्नाचा पत्रकार. पॅरिसमध्ये असताना त्यानं द्रेफ्यू नावाच्या यहुदी कॅप्टनवरचा खटला बघितला. फ्रान्सनं समान हक्क देऊन शंभर वर्षं होऊन गेलेली, आणि रस्त्यावर यहुद्यांच्या नावानं शिव्या. त्याआधी १८८१ पासून रशियात आमच्या लोकांच्या वस्त्या जाळल्या जात होत्या, तिथं ‘आपलं आपण बघायला हवं’ ही भाषा हर्झलच्या आधीच सुरू झालेली. हर्झलनं १८९६ मध्ये छोटं पुस्तक लिहून म्हटलं, आपल्याला राज्य पाहिजे. गंमत म्हणजे त्या पुस्तकात त्यानं सुचवलेला झेंडा वेगळाच होता: पांढऱ्यावर सात सोनेरी तारे, सात तासांच्या कामाच्या दिवसाचे सात! तो कुणाला पटला नाही. त्याचा सहकारी डेव्हिड वुल्फसोन म्हणाला, झेंडा आपल्याकडं आहेच, प्रार्थनेला अंगावर घेतो ती शाल, पांढरी, निळ्या पट्ट्यांची. पट्ट्यांच्या मधे चांदणी आली. तोच झेंडा १९४८ च्या ऑक्टोबरात इस्राएलनं घेतला. मनोरा सरकारी मुद्रेवर गेला.

सोनार हे सगळं ऐकत फुंकणी पुसत होते. झायोनिझम हा शब्द त्यांनी ‘सायन’ असा पकडला. सायन स्टेशनवरनं काय? नाही हो. सियोन म्हणजे जेरुसलेमची टेकडी, आमच्या मराठी कीर्तनांत सियोनच म्हणतात. मुंबईचं सायन म्हणजे आपलं शीव, हद्द. तेवढ्यावर त्यांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे तुमचंबी सीमेचंच भांडण की!’

मी हसले. घरी येऊन मात्र त्याच्यावर बराच विचार केला. आपण सीमाभागातली माणसं. १९५६ पासून कुणाची जमीन, कुणाची भाषा, पाटी कुठल्या लिपीत, यात तीन पिढ्या गेल्या. एलिएझर बेन येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला गेला आणि घरात हिब्रूशिवाय शब्द काढायचा नाही असं ठरवलं, त्याचं पोर शेकडो वर्षांत हिब्रू मातृभाषा म्हणून बोलणारं पहिलं मूल मानतात. हे बेळगावकराला समजावून सांगावं लागत नाही. शाळेत एक भाषा, कचेरीत दुसरी आणि घरात तिसरी असलेल्याला ते पोटातून कळतं. खरं, तुलना तिथंच थांबते. आमच्या भांडणात कोर्टाच्या तारखा पडतात. तिथं १९४८ मध्ये सात लाखांच्या आसपास अरबांना घरं सोडून जावं लागलं, आणि ती माणसं चाव्या जपून आहेत. त्याच दशकात युरोपात आमची साठ लाख माणसं मारली गेली होती, आणि त्याआधी याच चांदणीला पिवळा रंग देऊन ती त्यांच्या कोटावर जबरदस्तीनं शिवायला लावली होती. दोन्ही एका दमात बोलता यायला हवं, मला वाटतं. जमत नाही कुणाला. मला तरी कुठं जमतं.

मागणी दिली तेव्हा तुळशीची लग्नं नुकतीच झालेली. बारा दिवस सांगितले होते. लग्नसराईत बारा दिवस म्हणणाऱ्या सोनारावर विश्वास ठेवायचा नसतो हे मला पासष्ट वर्षांत कळायला हवं होतं. पाच आठवडे लागले. तीनदा खेटे घातले. एकदा ते म्हणाले, शनिवारी या, निवांत असतोय. मी म्हटलं, शनिवारी नको, आमचा घाणा बंद. कोकणात आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी कामाला हात लावायचे नाहीत, म्हणून शनवार तेली. बाकीचे तेली सोमवार तेली. सोनारांना ते इतकं आवडलं की आता गल्लीतल्या सगळ्यांना सांगून झालंय.

पहिली चूक. पदक तयार म्हणून गेले, बघते तर दोन त्रिकोण एकावर एक ठेवून झाळ मारलेली. गुंफण नाही. वरचा त्रिकोण वर, खालचा खाली. मला वेणीसारखं हवं होतं, एकदा वरून, एकदा खालून, म्हणजे कुठला त्रिकोण वरचा ते सांगता येऊ नये. कागदावर मी तसंच काढलं होतं. कारागिरानं सोपं केलं. दुसरी चूक त्याच्यावर कडी: ती दोन टोकांच्या मधल्या खाचेत बसवलेली, त्यामुळं गळ्यात घातल्यावर चांदणी तीस अंशांनी फिरलेली, वर दोन टोकं. तीस अंश माझ्या डोळ्याला लगेच दिसतात. इतरांना कदाचित दिसले नसते.

सोनारांनी वाद घातला नाही. ‘टीचर, चुकलंच’ म्हणाले आणि माझ्यासमोर कडी उडवली. पुन्हा वितळवून, जंतरपट्टीतून तार ओढून, चापट करून, या वेळी स्वतः बसले. कारागीर पोरगा शेजारी तोंड पाडून. मी त्याला म्हटलं, अरे, दहावीला यापेक्षा मोठ्या चुका बघितल्यात मी. जास्तीची घडणावळ घेतली नाही.

त्या खेपेला थांबायला लागलं तासभर, आणि त्यांनी विचारलं, मग तुम्ही का नाही गेला तिकडं?

हे लोक नेहमी विचारतात. उत्तर लांब आहे. १८९७ च्या बाझेलच्या सभेचं बोलावणं मुंबईच्या बेने इस्राएलांनाही आलं होतं. आमच्या पुढाऱ्यांनी नम्रपणे नकार कळवला. परमेश्वर आपल्या हातानं नेईल तेव्हा जाऊ, असा त्यांचा भाव. इथं आम्हाला कुणी हाकलत नव्हतं. उलट, टिपूच्या कैदेतून सुटलेल्या आमच्या एका सुभेदारानं, सामुएल दिवेकरानं, १७९६ मध्ये मुंबईत पहिली मशीद बांधली. म्हणतात, कैदी बेने इस्राएल आहेत कळल्यावर टिपूच्या आईनं त्यांचे जीव वाचवले, कुराणात हे नाव ऐकलंय म्हणून. खरंखोटं कोण जाणे, खरं कर्नाटकात राहून ही गोष्ट सांगायला मला आवडतं. डॉ. जेरुशा झिराड, पद्मश्री, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, त्यांचा जन्मही शिमोग्याचा.

माझा मामा मात्र गेला. पन्नाशीच्या दशकात, बेरशेबाला. वाळवंट, बरॅकी, आणि ‘हिंदी’ म्हणून बाजूला ठेवणारे शेजारी. तेव्हा गेलेल्यांतली काही कुटुंबं धरणं धरून परतही आली. मामा राहिला. मग १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बी मंडळानं सूचना काढली की बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासून घ्या, खरे यहुदी आहेत का बघा. माझ्या मोठ्या मामेबहिणीचं लग्न त्यात अडकलं. दोन हजार वर्षं शनिवार पाळला, खतना केली, शमाची प्रार्थना म्हटली, आणि आपल्याच राज्यात दाखला मागितला! आजोबांनी लोंढ्याहून कागद पाठवला, पाच पिढ्यांच्या बायकांची नावं, गावं. मी लहान होते, शाई आठवते, जांभळी. १९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि ऑगस्टात क्नेसेटनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, स्पष्ट सांगितलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत. बहिणीचं लग्न झालं. ती आता ऐंशीच्या पुढं आहे, नातवंडं हिब्रूत भांडतात, ती स्वयंपाकघरात मराठीत पुटपुटते. तिच्याकडं ‘मायबोली’ येत असे, इस्राएलमधून निघणारं मराठी नियतकालिक.

म्हणून कुणी मला ‘तुमचा देश’ म्हणून इस्राएलचं अभिनंदन करतं किंवा ‘तुमचा देश’ म्हणून गाझाचा जाब विचारतं, तेव्हा दोन्ही वेळा मी जरा गोंधळते. हल्ली दोन्ही होतं. ७ ऑक्टोबरला हमासनं बाराशेच्या आसपास माणसं मारली, अडीचशे ओलीस नेली, त्या रात्री मी बहिणीचा फोन लागेपर्यंत झोपले नाही. आणि नंतर गाझातली पोरं टीव्हीवर बघून टीव्ही बंद केला, पुन्हा लावला. इस्राएल असावं, हे मी मनापासून मानते. जगात एक दार असं असावं जिथं दाखला मागत नाहीत (मागितला होता, तरी). तिथलं प्रत्येक सरकार बरोबर असतं, असं मानायला मात्र मी बांधलेली नाही. पदक माझं आहे, आईच्या वाट्यांचं. ते मंत्रिमंडळानं दिलेलं नाही.

महाराष्ट्रानं २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा पुण्याच्या नातलगांनी पेढे वाटले. मला कुंदा आणावा लागला माझा मीच. शीव मधे आली ना.

आता हिशेब. तयार पदक चार ग्रॅम शंभर मिली, दोन ग्रॅमच्या वर म्हणून हॉलमार्कला पाठवलं, पाठीमागं सहा अक्षरी-आकडी क्रमांक भिंगातून दिसतो. बिलावर तो आहे, माझं सोनं किती, त्यांचं किती, हेही वेगळं लिहिलंय. घडणावळ दोन हजार आठशे. गुंफणीच्या कामाला हे जास्त नाही. पॉलिश थोडं जास्त चकचकीत, मला मंद आवडलं असतं. कडी आता टोकावर, घट्ट. एक टोक किंचित बोथट आहे. ते त्यांना सांगितलं नाही. माझंही एक गुपित असू दे. पाचापैकी चार गुण, तो एक उशिरासाठी कापला.

जाणाऱ्यांना दोन गोष्टी. चित्र देताना वर कुठलं टोक येणार ते बाण काढून लिहून द्या, तोंडी सांगून भागत नाही. आणि कारागिराशी थेट बोला, मालक ऐकतो, करतो दुसराच.

गेल्या आठवड्यात कानातल्याच्या मळसूत्रासाठी पुन्हा गेले. गळ्यात पदक बाहेर होतं. दुकानात बसलेल्या एक बाई म्हणाल्या, ‘छान यंत्र आहे, कुठल्या स्वामींचं?’ मी ‘दावीद’ म्हटलं, त्यांनी मान डोलावली. सोनार गल्ल्यामागं हसू दाबत होते. मग जरा संकोचून म्हणाले, ‘टीचर, तुमच्या मापाचा पितळी साचा मी ठेवून घेतलाय. खानापूरच्या एका वैद्यांना यंत्र पाहिजे होतं, गुंफणीचं बघून त्यांना आवडलं. त्याच्यावरनं करून दिलं तर चालतंय न्हवं?’

चालतंय म्हटलं. त्यांच्यात बिंदू घाला.